जानेवारीत एचआरटीसीच्या बसने किन्नौर-स्पिती: 11 दिवसांत काय बसतं, काय बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचे चार मित्र, 24 जानेवारीपासून 11 दिवसांची रजा. दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढे सगळा प्रवास हिमाचलच्या एसटीने, म्हणजे एचआरटीसीच्या साध्या बसने. शिमला, सांगला, छितकुल, कल्पा, नाको, टाबो, काझा एवढं बघून मनालीमार्गे बाहेर पडायचं. आणि शेवटी विचारलं आहे, उणे वीसला कोणतं जॅकेट लागेल?

जॅकेटवर येऊच. पण तुमची अडचण जॅकेटची नाही, दिवसांची आहे. थंडीला कपडे घालून तोंड देता येतं. बर्फाने रस्ता बंद झाला तर हातात मोकळे दिवस असण्याखेरीज दुसरा इलाज नाही. त्यामुळे हिवाळ्यात हा प्रवास उलट्या टोकाकडून आखावा लागतो: घरी कोणत्या तारखेला पोचायचंच आहे ते आधी धरायचं, त्याच्या मागे दोन-तीन दिवस कोरे सोडायचे आणि मग उरलेल्या दिवसांत कुठवर जाता येतं ते बघायचं.

आधी मनालीचा विषय संपवू, कारण तिथे पुष्कळांचा घोटाळा होतो. अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला आणि ‘आता मनालीहून स्पितीला बारमाही जाता येतं’ असा समज पसरला. हा 9.02 किलोमीटरचा बोगदा तुम्हाला लाहौलमध्ये, सिस्सूच्या बाजूला नेऊन सोडतो. स्पितीला जायला त्यापुढे ग्रांफूहून साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते, आणि ती साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाखाली असते. म्हणजे जानेवारीत काझ्याला जायचा रस्ता एकच, शिमला-किन्नौरचा, आणि परत यायचं तेही त्याच रस्त्याने. तुमच्या आराखड्यात परतीचा मनालीचा भाग आहे, तिथे काझा ते शिमला हे बसचे दोन पूर्ण दिवस लिहा.

आता हिशेब मांडू. नाशिकरोडहून दिल्ली एक रात्र धरा, पण जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाडी चार-सहा तास उशिरा पोचली तर ती नेहमीचीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी रात्री कश्मिरी गेटहून शिमल्याची बस. तिसऱ्या दिवशी सकाळी शिमला, तिथून पुढची बस पकडून संध्याकाळपर्यंत रामपूर, अंतर सुमारे 130 किलोमीटर. चौथ्या दिवशी रामपूर ते रेकाँग पिओ 100 किलोमीटर आणि वर कल्पा. पाचवा दिवस कल्प्यात. सहाव्या दिवशी पिओ ते टाबो, सातव्या दिवशी टाबो ते काझा हे 47 किलोमीटर. आठवा दिवस काझा आणि ‘की’ नावाचा मठ. नववा काझा ते पिओ, दहावा पिओ ते शिमला आणि रात्रीची दिल्लीची बस, अकरावा रेल्वेत, बाराव्या दिवशी सकाळी घर. एकही बस न चुकता, एकदाही बर्फ न पडता 12 दिवस लागतात. रजा 11 दिवसांची आहे. त्यात सांगला-छितकुल अजून धरलेलंच नाही.

जानेवारी-फेब्रुवारी हा पश्चिमी झंझावातांचा, म्हणजे पश्चिमेकडून येऊन इथे बर्फ पाडणाऱ्या वादळांचा ऐन हंगाम. एक झंझावात येऊन गेला की पिओच्या वरचा रस्ता एक दिवसही बंद राहतो, चार दिवसही. किती पडला, कड्यावरून कुठे घसरला आणि ग्रेफवाल्यांची मशिनं कोणत्या बाजूला आहेत यावर ते ठरतं. (रस्ता राखणाऱ्या सीमा सडक संघटनेच्या माणसांना तिकडे सगळे ग्रेफच म्हणतात.) म्हणून माझं मत स्पष्ट आहे: काझ्याला जायचं तर 14 दिवस काढा. किंवा नाशिक-मुंबईहून चंदीगडपर्यंत जाता-येता विमान घ्या, म्हणजे दोन-तीन दिवस वाचतात. चंदीगडच्या सेक्टर 43 च्या स्टँडवरून हिमाचलच्या बस सुटतात. हे दोन्ही जमत नसेल तर कल्पा हा मुक्काम ठरवा आणि आकाश निरभ्र असेल तरच टाबोपर्यंत जाऊन परत फिरा. यात कमीपणा काही नाही. कल्प्याहून समोर दिसणारा सहा हजार मीटरचा किन्नर कैलास हिवाळ्यात पहाटे जसा दिसतो तसा उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत दिसत नाही. छितकुल मात्र या वेळी सोडाच. करछमहून आत बास्पा खोऱ्यात बस किती अंतरापर्यंत जाते हे बर्फावर ठरतं, आणि त्या एका फाट्यापायी दोन दिवस जातात.

रामपूरला रात्र का, शिमल्याहून थेट पिओची बस असताना? एक तर दिल्लीची रात्रभराची बस उतरून पुन्हा दहा तास बसलं की माणूस पिओला अर्धा आजारी पोचतो. पण मोठं कारण नारकंड्याचं आहे. कुफरी, ठियोग, नारकंडा हा पट्टा 2,700 मीटरपर्यंत चढतो आणि शिमल्याच्या बाजूला बर्फ पडला की आधी तोच अडतो. अशा वेळी बस बसंतपूर-किंगलच्या खालच्या रस्त्याने वळवतात, वेळ जास्त लागतो, पण रामपूर गाठता येतं. रामपूर हजार मीटरवर, सतलजच्या काठी आहे. तिथे पोचलात की खालचा अडथळा मागे पडतो.

या पट्ट्यात रात्रीची बस टाळा, सीट मिळत असली तरी. दिवसा कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, रात्री त्याचीच काचेसारखी पातळ साय जमते. खालचं डांबर तिच्यातून काळंच दिसतं, त्यामुळे हेडलाइटमध्ये ती कळत नाही. सावलीतल्या वळणांवर ती सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. ड्रायव्हर एखाद्या वळणाअलीकडे गाडी उभी करून उन्हाची वाट बघत असेल, चाकांना साखळ्या बांधत असेल, तर त्याला ‘कधी निघणार’ विचारत बसू नका. तो रस्ता त्याला रोजचा आहे.

पिओहून काझ्याची बस सकाळी सातच्या सुमाराला असते. सुमारे 200 किलोमीटरला दहा ते बारा तास. नक्की वेळ आणि बस जाणार की नाही, हे आदल्या दिवशी दुपारी स्टँडवरच्या खिडकीवर जाऊन विचारायचं. वेबसाइटवर काय दिसतं याला हिवाळ्यात अर्थ नाही. खिडकीवर ‘काझा जाणार का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आज काझ्याहून बस खाली आली का’ हा प्रश्न जास्त उपयोगी. वरची बस खाली आली असेल तर रस्ता उघडा आहे. ती आली नसेल तर तुमची बस सुटली तरी मध्येच कुठे तरी थांबणार हे गृहीत धरा. पूहच्या पुढे, खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो, तिथून नाकोकडे चढणारी वळणं, मलिंगचा नाला आणि पुढे सुमदोपर्यंतचा भाग दरडींचा आहे. दगड रात्री गोठून धरलेले असतात, दुपारी ऊन लागलं की सुटतात. सकाळची पहिली बस धरण्यामागे हेही कारण आहे.

सुमदोला किन्नौर संपून लाहौल-स्पिती जिल्हा लागतो. चौकीवर नाव लिहून घेतात, आधार कार्ड हाताशी ठेवा. भारतीयांना परवाना लागत नाही. चौघांतल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याला पिओला इनर लाइन परमिट काढावं लागेल, त्याचा अर्धा दिवस धरा.

रस्ता मधेच बंद असला की एक शब्द कानावर पडेल: ट्रान्सशिपमेंट. म्हणजे तुमची बस दरडीच्या अलीकडे थांबते, पलीकडून आलेली बस पलीकडे थांबते, आणि प्रवासी आपलं सामान घेऊन मधलं अंतर पायी तुडवून गाड्या बदलतात. कधी दोनशे मीटर, कधी किलोमीटरभर, दगडांतून आणि गुडघाभर बर्फातून. चाकांची बॅग इथे ओढता येत नाही. प्रत्येकाची एकच पाठपिशवी, 45 ते 50 लिटर, भरल्यावर 10 किलोच्या आत, आणि ती स्वतःच्या पाठीवर घेऊन एक मजला न थांबता चढता आला पाहिजे. घरीच करून बघा. तीन हजार मीटरवर तेच वजन दीडपट वाटतं. पुढे निघताना कंडक्टर सांगेल तेव्हाच, एकेकाने, वर बघत चालायचं. मधे थांबून फोटो काढायचा नाही.

आता थंडी. जानेवारीत काझ्यात रात्री उणे 15 ते उणे 25 धरा, कल्प्यात त्यापेक्षा बरंच सौम्य. पण थंडी सर्वांत जास्त बोचते ती बसमध्ये, हे आधी कुणी सांगत नाही. साध्या बसला हीटर नसतो. पहाटे काचेला आतून श्वासाचं दव गोठून पांढरा थर बसतो, नखाने खरवडला तर पीठासारखा निघतो, आणि बाहेरचं बघायला तेवढीच एक खिडकी उरते. पायाखाली पत्रा असतो. वरून कितीही कपडे घाला, बुटांच्या तळव्यातून ऊब त्या पत्र्यात जात राहते आणि दोन तासांत बोटं बधिर होतात. उपाय स्वस्त आहे: योगासनाच्या जुन्या फोम मॅटचा वहीएवढा तुकडा कापून न्या आणि पायाखाली ठेवा. टपरीवर बस थांबली की तो उचलून बगलेत घ्या, तिथेही बाकावर अंगाखाली कामाला येतो.

पायांची दुसरी चूक म्हणजे घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबणं. त्याने रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, आत एक पातळ आणि एक लोकरी मोजा, आणि बोटं आत हलली पाहिजेत. मोज्यांच्या चार जोड्या पुरतात: दोन दिवसाच्या, एक राखीव, एक फक्त झोपायची, जी कधीही ओली होऊ द्यायची नाही. दुपारी जेवायला थांबलात की घामाने दमट झालेले मोजे बदला.

अंगावर सुती काहीही नको, अगदी बनियनसुद्धा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम थांबल्यावर गार करतो. आत थर्मलचे दोन जोड, त्यावर फ्लीस किंवा आईने विणलेला लोकरीचा स्वेटर (तो खरंच उत्तम), त्यावर टोपीवालं पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं सैल जर्किन. प्रश्न एका जॅकेटचा होता. तर एकच महागडं आणण्यापेक्षा हे थर करा. बसमध्ये ऊन आलं की उतरवता येतात, चढावर घाम यायच्या आधी काढता येतात. हातमोजे आत पातळ आणि वर जाड. कानटोपी, गळ्याला बफ. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे जळतात, तेव्हा अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा हवाच. ओठांना व्हॅसलीन. आणि एक गोष्ट मेडिकलमधून: रबरी गरम पाण्याची पिशवी. झोपण्याआधी रजईत पायापाशी ठेवली की मध्यरात्रीपर्यंत पुरते.

पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते. एक लिटरचा स्टीलचा थर्मास आणि एक साधी रुंद तोंडाची बाटली. बाटली बॅगेत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. मोबाइल छातीच्या आतल्या खिशात. गारठ्यात बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते, पण उबेत आणली की पुन्हा जागी होते. मात्र गोठलेला फोन तसाच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलेली लिथियम बॅटरी कायमची बिघडते. आधी तासभर अंगाशी, मग चार्जर. बर्फ पडला की वीज जाते, म्हणून दोघांत एक 20,000 एमएएचची पॉवर बँक ठेवा, आणि तीही रात्री रजईत.

उंचीचं. पिओ 2,290 मीटर, कल्पा 2,960, टाबो 3,280, काझा 3,700 च्या आसपास. डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम असा की तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. पिओला झोपून दुसऱ्या संध्याकाळी काझ्यात उतरलात तर 1,400 मीटरची उडी होते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं याची सुरुवात बहुतेक त्या पहिल्या रात्रीच होते. म्हणून वरच्या आराखड्यात कल्प्याला दोन रात्री आणि टाबोला एक घेतली आहे. टाबोची रात्र वाया जात नाही: इ.स. 996 चा मठ, बाहेरून साधी मातीची भिंत आणि आत अंधारात हजार वर्षांची चित्रं. आत फोटो काढू देत नाहीत, टॉर्च न्या.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि लघवीला जास्त लागणं हे तिचेच परिणाम, घाबरू नका. पहिल्या दोन रात्री दारू नाही, झोपेची गोळी नाही. एखाद्याची चाल झोकांड्या खाऊ लागली, सरळ रेषेत टाच-बोट लावून चालता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला तर वाट बघायची नाही. काझ्यात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, तिथे प्राणवायू मिळतो, आणि पहिल्या संधीला खाली उतरायचं. हिवाळ्यात ‘खाली उतरू’ हे बोलणं सोपं, करणं अवघड, कारण खाली जायची बस त्याच बंद रस्त्यावर असते. म्हणूनच चढतानाची घाई इथे उन्हाळ्यापेक्षा महाग पडते.

घरांची पद्धत समजून जा. नळ गोठलेले असतात, पाणी हातपंपावरून किंवा झऱ्यावरून भरून आणतात. आंघोळ नाही. संडास कोरडा, मातीचा. सगळं घर एका खोलीत, पत्र्याच्या शेगडीभोवती बसतं. तिला तिथे तंदूर म्हणतात. लाकूड खालून विकत आणलेलं आणि मोजकं असतं, तेव्हा रात्री ‘अजून दोन ओंडके घाला’ म्हणू नका. तंदूरला धुराडं असतं. पण कुणी बंद खोलीत कोळशाची उघडी अंगीठी आणून ठेवली तर ती बाहेर काढूनच झोपा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नाही.

खाणं थुक्पा, डाळ-भात, राजमा. नाशिकहून राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि थोडं मेतकूट न्या. गुळाची चिक्की गारठ्यात दगड होते, दात जपा. हे खाऊ बसमध्ये हाताशी ठेवा. बस अडकली तर टपरी जवळ असेलच असं नाही. माणशी 300 ग्रॅम रोजच्या वापराबाहेर, अडकण्यासाठी वेगळं.

पैशांत तुमचं टीटीएमएम चालेल, पण अडकण्याचा निधी सामायिक काढा. दोन जेवणांसह मुक्काम माणशी हजार ते दीड हजार धरला तर चार दिवस अडकल्यास माणशी 6,000 लागतात. एवढे पैसे रोख, पिओला एटीएममधून काढून. काझ्यात एटीएम आहे, पण वीज आणि नेटवर्क गेलं की तेही बंद आणि यूपीआयही बंद.

चौघांनी निघण्याआधी दोन गोष्टी तोंडी नव्हे, लिहून ठरवा. पहिली, मागे फिरायची तारीख: त्या दिवशी सकाळी जिथे असू तिथून खालची बस धरायची, समोर कितीही सुंदर असो. काझ्यात पोचायला उरलेले दोनच तास असले तरीही. दुसरी, कुणी आजारी पडला तर तो एकटा उतरणार नाही, त्याच्याबरोबर एक जण जाईल, आणि कोण ते आत्ताच ठरलेलं असेल. वर गेल्यावर हे ठरवायला बसलं की चांगल्या मैत्रीतही ताण येतो, कारण तोवर सगळे थकलेले असतात आणि प्रत्येकाला काझा दिसत असतं.

परतीचं रेल्वे तिकीट मागे फिरायच्या तारखेनंतर किमान सहा दिवसांचं काढा: तीन दिवस बसने दिल्लीला पोचायला, तीन कोरे. वरून लवकर पिओला उतरलात तर उरलेले दिवस कल्प्यात काढा. घरी सांगून ठेवा की सुमदोच्या पुढे सलग दोन दिवस फोन लागला नाही तरी काळजीचं कारण नाही, आणि पिओच्या मुक्कामाच्या ठिकाणचा नंबर त्यांना द्या. वरून बस खाली आली की तिथे आधी कळतं.